ताकद मोजली, अडचण कुठे गेली?



गेल्या दोन महिन्यांत मला तिघांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "ताई, पीएचडीसाठी विषय पक्का केलाय. महिला आणि तरुणांचे बलस्थानांवर आधारित आधारगट. चांगला आहे ना?"

विषय चांगलाच आहे. माझाही जवळपास तोच आहे, त्यामुळे वाईट कसा म्हणू? पण या विषयावरचे बरेच संशोधन प्रस्ताव एकाच ठिकाणी अडखळतात. माझाही अडखळला होता. आज त्याबद्दल लिहिते. म्हणजे तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा माझी चूक तरी पुन्हा करणार नाही.

आधी ही कल्पना नेमकी काय आहे ते बघू. दहा-पंधरा बायका किंवा मुली-मुलं ठरलेल्या दिवशी गोल करून बसतात. "तुमच्यात काय कमी आहे?" असं त्यांना कुणी विचारत नाही. "तुम्हाला काय येतं? आजवर कशातून निभावून आलात?" असं विचारलं जातं. त्यातून निघालेल्या ताकदी कागदावर लिहायच्या आणि त्यांच्या जोरावर पुढचं पाऊल ठरवायचं. ऐकायला साधं वाटतं, आणि पहिल्यांदा बघताना खरोखर छान वाटतं.

मी पहिला गट पाहिला तो आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम बदललेत. तुम्हीही ही सवय आत्तापासून लावून घ्या.) एक मुलगी म्हणाली, "मी रोज दीड तास चालते, मग पुढे जीप मिळते, मग कॉलेज." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गट चालवणाऱ्या ताईंनी भिंतीवरच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलं, 'चिकाटी'. मीही माझ्या वहीत तेच लिहिलं. संध्याकाळी नोंदींचं कोडिंग करताना, म्हणजे लोकांच्या बोलण्याला विषयवार खुणा लावताना, तिच्या वाक्याला 'वैयक्तिक बलस्थान : चिकाटी' अशी खूण लावली आणि खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वाटेत भेटली. मी कौतुक करायला गेले तर म्हणाली, "ती चिकाटी नाहीये ओ ताई. सकाळची गाडी बंद झालीय."

माझा प्रस्ताव पुन्हा लिहावा लागला तो या एका वाक्यामुळे.

आधी कल्पनेची बाजू

टीका करण्याआधी समोरच्याची बाजू नीट मांडायची, हा नियम माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच आठवड्यात शिकवला. तो पाळते.

डेनिस सॅलीबी यांनी समाजकार्यातल्या बलस्थान-दृष्टिकोनावरचं पुस्तक 1992 मध्ये संपादित केलं. पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी वस्तीतल्या माणसांच्या कौशल्यांपासून आणि संस्थांपासून विकासाची सुरुवात करावी, अशी मांडणी केली. दोन्ही अमेरिकेतली. त्यांची तक्रार रास्त होती. मदत करणाऱ्या यंत्रणा माणसांकडे उणिवांची यादी म्हणून बघतात: निरक्षर, बेरोजगार, कुपोषित, नैराश्यग्रस्त. सतत असंच बघितलं गेलं की माणसंही स्वतःला तसंच बघू लागतात, आणि 'आमच्याकडे काहीच नाही' हे सिद्ध केल्याशिवाय मदत मिळत नाही.

हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. एखाद्या सर्वेक्षणाचा फॉर्म काढून बघा. घर कच्चं की पक्कं, शौचालय आहे की नाही, शिक्षण किती कमी. पण त्याच घरातल्या आजीला रानातल्या कुठल्या भाज्या कधी खाव्यात हे माहीत आहे, त्यासाठी रकाना नसतो. ही कल्पना तो रकाना मागते. तेवढ्यासाठी मी तिच्या बाजूने आहे.

आपल्या भागातले जुने गट

आता जुन्नर-आंबेगावकडे या. इथे गट नवे नाहीत. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबायची सावड आहे. आणि डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरात महादेव कोळी समाजाची पडकई आहे.

ज्यांना पडकई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डोंगर उताराचा, पाऊस प्रचंड. उतारावरची माती वाहून जाते आणि भातासाठी पाणी थांबत नाही. म्हणून उतार फोडून, दगड-मातीचे बांध घालून, पायऱ्यांसारखी सपाट खाचरं काढायची. एका कुटुंबाच्या आवाक्यातलं हे काम नाही. म्हणून काही कुटुंबं एकत्र येतात, आज तुझ्या जमिनीवर, नंतर माझ्या, असं ठरवतात. धरणात सुपीक जमीन गेल्यावर वर उरलेल्या उतारावरच जगायची वेळ आलेल्या लोकांसोबत 'शाश्वत' या संस्थेने पडकईचं काम केलं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर ही त्यामागची माणसं. हे काम रोजगार हमीतून व्हावं यासाठी लोकांनी पाठपुरावा केला. 2012 मध्ये 'शाश्वत'ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

शेजारच्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरला, डॉ. सुधा कोठारी यांच्या 'चैतन्य'ने बचत गट बांधले आणि त्यांचा ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ उभा राहिला. नाबार्डने बचत गट बँकांना जोडायचा पथदर्शी प्रयोग 1992 मध्ये 500 गटांपासून सुरू केला. आज आपल्यातल्या अनेकांच्या आया कुठल्या ना कुठल्या गटात आहेत.

या सगळ्यांत एक गोष्ट बघा. पडकईत ताकद आहेच: दगड कसा बसवायचा, पाणी कुठून काढायचं, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. पण लोक ताकद शोधायला जमलेले नाहीत. जमीन उताराची आहे म्हणून जमलेत. बचत गटातही बायका 'मी काटकसरी आहे' हे ऐकायला येत नाहीत. आजारपणाला नाहीतर शाळेच्या फीला सावकाराकडे जावं लागू नये म्हणून येतात. मधोमध अडचण ठेवलेली असते आणि ताकद तिच्याभोवती गोळा होते. आधी लोकांची ताकद काढायची आणि मग कामाला लागायचं, असा क्रम तिथे नाही.

माझ्या वाडीतल्या गटात अडचणीला जागाच नव्हती. 'इथे तक्रारी नकोत, फक्त सकारात्मक' असा गटाचा नियम होता. बंद झालेली गाडी त्या नियमामुळे 'चिकाटी' झाली.

अभ्यास काय सांगतात?

एका वाडीवरून निष्कर्ष काढायचा नाही, बरोबर. म्हणून तीन अभ्यास शेजारी ठेवून वाचू. हे तिन्ही मिळवून स्वतः वाचा.

पहिला बिहारचा. 'गर्ल्स फर्स्ट' हा कार्यक्रम आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. सरकारी शाळांतल्या मुलींचे गट, दर आठवड्याला बैठक, स्वतःची बलस्थानं ओळखणं, भावना सांभाळणं, प्रश्न सोडवणं. लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांनी 57 शाळांतल्या 2308 मुलींवर यादृच्छिक चाचणी केली, म्हणजे कुठल्या शाळेत कार्यक्रम होणार हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. 2015 चा निबंध सांगतो की कार्यक्रमातल्या मुलींची भावनिक लवचीकता, आत्मविश्वास आणि मानसिक स्वास्थ्याचे गुण वाढले. बहुतेक जण इथेच वाचायचं थांबतात आणि प्रस्तावात 'परिणाम सिद्ध झाला आहे' असं लिहितात. सारांशाच्या पुढच्या ओळी वाचा. नैराश्यावर परिणाम दिसला नाही. चिंतेच्या बाबतीत थोडा उलटा परिणाम दिसला. तो संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होता, पण वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा नसावा, असं लेखक म्हणतात. त्यांनी हे लपवलं नाही, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

दुसरा झारखंड-ओडिशाचा. 'एकजुट' संस्थेने आदिवासी भागात बायकांचे गट चालवले. 36 समूह, 2005 ते 2008. निबंध 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. नवजात बालकांचे मृत्यू तीन वर्षांत 32 टक्क्यांनी कमी दिसले. फक्त शेवटची दोन वर्षं घेतली तर 45 टक्क्यांनी. मातांच्या नैराश्यावर एकूण परिणाम लक्षणीय नव्हता, पण तिसऱ्या वर्षी मध्यम नैराश्य 57 टक्क्यांनी कमी होतं. (हा शेवटचा आकडा एकट्याने वापरू नका. 'एकूण लक्षणीय नाही' हे सोबत लिहायलाच हवं.) आणि या गटांची पहिली पायरी काय होती? अडचणी ओळखणं. बाळंतपणात काय बिघडतं, बाळं का जातात, हे बायकांनी चित्रं आणि गोष्टींतून आधी मांडलं. मग त्यातलं महत्त्वाचं निवडलं, उपाय ठरवले, केले आणि तपासले.

तिसरा आपल्या मराठवाड्यातला, पाचोडचा. तिथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. कार्यक्रमाच्या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय 16 वरून 17 झाल्याचं अहवाल सांगतो. ही यादृच्छिक चाचणी नव्हती, तुलनेचा गट होता, त्यामुळे दावा जरा सांभाळून करायचा. पण मोजलं काय ते बघा: मुलीचं लग्न कधी झालं. 'मला आत्मविश्वास वाटतो' याला पाचपैकी किती गुण, एवढ्यावर ते थांबले नाहीत.

माझी टीका

आता तुमच्या प्रस्तावाला उपयोगी पडेल असं चार मुद्द्यांत सांगते.

एक. शिकवलं तेच मोजलं जातं. पाच महिने 'माझी बलस्थानं' हा शब्द कानावर पडल्यावर 'मला माझी बलस्थानं माहीत आहेत' या प्रश्नाला जास्त गुण मिळणारच. मुलगी खोटं बोलत नाही. ती गटाची भाषा शिकली आहे, आणि आपण बदल म्हणून ती भाषा मोजतो. बिहारच्या निकालाकडे मी असंच बघते: कार्यक्रमाच्या शब्दांजवळचं जे होतं ते हललं, दूरचं हललं नाही. माझा हा अर्थ चुकीचा असू शकतो. भावनांबद्दल बोलायला लागल्यावर मुलींना आपली चिंता ओळखता आली, असाही अर्थ निघू शकतो. पण यातला कुठला खरा हे ठरवायचं तर गटात न शिकवलेली एखादी गोष्ट मोजावीच लागेल.

दोन. हंगाम. हे मला पुस्तकात सापडलं नाही, आईने सांगितलं. माझा बेत होता की पहिली मोजणी जुलैत करायची आणि दुसरी डिसेंबरमध्ये. आई म्हणाली, "आवणीच्या दिवसांत घरात ना दाणा ना पैसा, आणि भात झोडून झाल्यावर विचारशील तर कुणीही बरंच सांगेल की गं." पश्चिम पट्ट्यातल्या पावसाळी टंचाईसाठीच तर आदिवासी भागात खावटी कर्जाची योजना आली. जुलै-डिसेंबरचा फरक गटाचा की भाताचा, हे तुलनेच्या गटाशिवाय सांगता येणार नाही. त्यात आणखी भर म्हणजे गट सुरू होतो तेव्हा सर्वांत त्रासलेल्या बायका आधी येतात. त्रास शिगेला असताना मोजला की पुढच्या वेळी तो काहीही न करता थोडा उतरलेला दिसतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

तीन. एका गटातल्या बायका एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. नात्यातल्या असतात, एकाच पाण्याला जातात, एकीचं मत दुसरीला लागतं. समजा 20 गट, प्रत्येकी 12 बायका, म्हणजे 240. गटांतर्गत सहसंबंध 0.05 धरला तर अभिकल्प परिणाम 1 + 11 × 0.05, म्हणजे 1.55. 240 ला 1.55 ने भागा. साधारण 155. प्रस्तावात 240 लिहायचे, पण माहिती 155 जणींइतकीच. नमुन्याचा आकार ठरवताना हे आधी बघा, नाहीतर पूर्वपरीक्षणाच्या वेळी कुणीतरी हाच पहिला प्रश्न विचारेल. मला विचारला होता.

चार, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ताकद फक्त माणसात शोधली की अडचणीची जबाबदारीही त्याच माणसावर येते. स्कॉटलंडमधला अनुभव घेऊन मेरी ॲन मॅक्लाउड आणि अक्वुगो एमेजुलू यांनी 2014 मध्ये हीच टीका केली होती: वस्तीच्या ताकदीवर भर देता देता सार्वजनिक प्रश्न खासगी होऊन जातात आणि सरकारला अंग काढून घ्यायला सोपं जातं. तिथलं राजकारण वेगळं, आपलं वेगळं. पण 'चिकाटी' आणि 'सकाळची गाडी' ही जोडी मला त्या निबंधाच्या भाषांतरासारखी वाटली. मुलगी चिकाटीची ठरली की गाडी कुणी विचारायची? आणि उद्या तिने कॉलेज सोडलं तर आपण काय लिहिणार, चिकाटी कमी पडली?

मग गट नकोतच का?

असं मी म्हणत नाही. नाशिक जिल्ह्यात पेठ भागात सुरू झालेला 'आत्मीयता' प्रकल्प बघा. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने तो उभा केला. गावातलेच स्वयंसेवक त्रासात असलेल्या माणसाचं ऐकून घेतात, प्रश्न सोडवायला सोबत करतात. पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात त्याची मोठी चाचणीही झाली. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की सरकारी योजनांचा लाभ मिळवून द्यायला मदत करणं हाही त्याच स्वयंसेवकाच्या कामाचा भाग आहे. मन हलकं करणं आणि पेन्शनचा अर्ज भरणं, दोन्ही एकाच माणसाकडे. म्हणजे ताकद आणि अडचण एका कागदावर मावतात.

मी माझ्या अभ्यासात तीन बदल केले. कोडिंगला दोन रकाने ठेवले. प्रत्येक बलस्थानासमोर 'हे कशामुळे करावं लागलं?' हा दुसरा रकाना. दुसरं, मनःस्थितीच्या प्रश्नावलीबरोबर गटाने वर्षभरात काय केलं याची नोंद: किती अर्ज, कुणाकडे, उत्तर आलं का. तिसरं, माझ्या नोंदी गटाला वाचून दाखवायच्या आणि 'हे असंच होतं का?' असं विचारायचं. या तिसऱ्यात वेळ फार जातो. पण 'चिकाटी' तिथेच पकडली गेली असती.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. तुमच्या विषयातला एक निबंध घ्या आणि त्यातली सगळी मोजमापं कागदावर लिहा. प्रत्येकासमोर लिहा: हे कार्यक्रमात शिकवलं होतं का? कुणी मोजलं, गट चालवणाऱ्यानेच का? हे वाढलं तर त्या बाईच्या दिवसात काय बदलेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासात सुचलं नाही, तर ते मोजमाप तुमच्या प्रस्तावात का आहे याचा पुन्हा विचार करा.

आणि हो, ती मुलगी. आता त्या गटाने 'फक्त सकारात्मक' हा नियम सोडलाय. बायकांनी आणि मुलींनी मिळून गाडीसाठी अर्ज लिहिला, अकरा सह्या आणि चार अंगठे. अर्जाचा मसुदा तिने केला. उत्तर अजून आलेलं नाही, ती अजून चालतेच आहे. मी तिच्या नोंदीतली 'चिकाटी' खोडली नाही. तिच्या शेजारच्या रकान्यात 'सकाळची गाडी बंद' असं लिहिलं, आणि त्याखाली अर्जाची तारीख.

तुमच्या प्रस्तावातला एखादा प्रश्न अडला असेल तर जरूर लिहा. जमेल तसं उत्तर देईन, आवणी संपल्यावर.